बिऱ्हाडातील लहान माणसे

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात आणि एका जागेवरील नेमणुकीचा काळ सामान्यतः तीन वर्षांचा असावा, असे महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमाने ठरवून दिले असल्यामुळे, ज्या गावात तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय आणि बँकांच्या शाखा एकवटलेल्या असतात त्या गावात उन्हाळा हा लग्नसराईइतकाच बिऱ्हाडे हलण्याचाही हंगाम होऊन बसतो. सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरांवर वसलेले अक्कलकोट हे असेच एक तालुक्याचे गाव. उर्वरित महाराष्ट्राला ते श्रीस्वामी समर्थांचे स्थान म्हणून ठाऊक आहे. स्वामी १८५६ मध्ये येथे आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत येथेच राहिले. दीर्घ भ्रमंतीनंतर एका पुरुषाने जेथे कायमचा मुक्काम केला, त्या गावाच्या वाट्याला सामानसुमानासह येणाऱ्या-जाणाऱ्यांची अखंड वर्दळ यावी, यात थोडी गंमत आहे खरी. परंतु यात्रेकरूंची मुले दोन रात्रींनी पुन्हा आपापल्या अंथरुणात निजणार असतात. बदलीचा हुकूम हाती पडलेल्या संसाराची गोष्ट निराळी.

असा हुकूम आला की घरातील कर्ती माणसे सर्वप्रथम याद्या करावयास बसतात. ज्वारीची पोती किती, भांड्यांची खोकी किती, गॅसच्या जोडणीचे काय, घरमालकाकडून अनामत रक्कम केव्हा परत मिळावयाची, टेम्पोवाला हमालीसह किती घेणार, वीजबिलाची शेवटची पावती कोठे ठेवली, अशा सर्व बाबींची बयाजवार टिपणे वहीच्या पाठकोऱ्या पानांवर उतरतात आणि एकेक बाब निकालात निघाली म्हणजे तिच्यावर रेघ मारली जाते. या याद्या आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यात घराची गणना जिनसांच्या रूपाने होते, आणि तीन-चार वर्षांच्या आतील मुलाचे घर मुळी जिनसांचे बनलेलेच नसते. ते जागांचे, क्रमांचे आणि वेळांचे बनलेले असते. पाण्याचा तांब्या ज्या कोपऱ्यात असतो तो कोपरा, वडिलांच्या चपला ज्या पायरीखाली निघतात ती पायरी, संध्याकाळी दिवा लागल्यावर जे काही घडते त्याचा ठरलेला क्रम, हे त्याचे घर होय. टेम्पोत भरता येईल असे त्यात फारच थोडे असते. म्हणून घर हलविण्याच्या तयारीत मुलाचे जग सर्वांत शेवटी मोडावे आणि नव्या जागी ते सर्वांत आधी मांडावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे; ते का, हे मात्र थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

मारिया मॉन्टेसरी यांनी बालकांच्या निरीक्षणातून जे सिद्धान्त मांडले, त्यांपैकी व्यवस्थेच्या संवेदनेविषयीचा सिद्धान्त आपल्याकडे त्यांच्या शैक्षणिक साधनांइतका गाजला नाही. जन्मानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुलाला आपल्या सभोवतीच्या वस्तू आपापल्या जागी असण्याची विलक्षण ओढ असते आणि ती जागा ढळली तर त्याला मोठ्यांच्या ध्यानीमनी नसलेले दुःख होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सांगितलेली एक हकिकत अशी: सहा महिन्यांच्या एका मुलीच्या खोलीत पाहुण्या बाई आल्या आणि त्यांनी आपली छत्री टेबलावर ठेवली. मुलगी छत्रीकडे पाहत राहिली आणि मग रडू लागली. तिला छत्री हवी असेल असे वाटून बाईंनी ती पुढे केली, तर मुलीने ती लोटून दिली. समजुतीचे सर्व उपाय थकले, तेव्हा मुलीच्या आईने ती छत्री उचलून दुसऱ्या खोलीत नेली आणि रडणे तत्काळ थांबले. टेबल ही छत्रीची जागा नव्हती, इतकाच काय तो गुन्हा! मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या. परंतु त्यांच्या विचारांची ओळख त्यापूर्वीच भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी पश्चिम भारताला करून दिलेली होती, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाने ती मराठी घरांपर्यंत पोचविली. एका छत्रीने जेथे इतका अनर्थ होतो, तेथे एका आठवड्यात संपूर्ण माजघर खोक्यांत जाताना पाहून लहान मुलावर काय प्रसंग गुदरत असेल, याची कल्पना करावी.

आमच्या परिचयातील एक कुटुंब अक्कलकोटच्या जुन्या वस्तीतील एका भाड्याच्या घरातून गेल्या उन्हाळ्यात बार्शीस गेले. थोरला मुलगा पाच वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. घर माळवदाचे, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच आणि त्यावर मातीचा जाड थर. या प्रदेशात माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरतात. ती भिजली की फुगते, तिच्यातील सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. जाड भिंती आणि मातीचे छत यांच्यामुळे बाहेर पारा चाळिशीच्या वर चढला तरी आत मध्यान्हीचे ऊन उशिरा पोचते. छतातील झरोक्यातून दुपारी उन्हाचा एक चौकोनी कवडसा जमिनीवर उतरतो आणि हळूहळू भिंतीकडे सरकतो. धाकटीचा दिवस या कवडशावर चालत असे. तो धान्याच्या कोठीपाशी पोचला की तिची झोपण्याची वेळ होई, आणि झोप लागावयाची ती आजीच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत. झोळीची दोरी छताच्या कडीला अडकविलेली असे.

बार्शीतील नवी जागा सिमेंटच्या स्लॅबची, दुसऱ्या मजल्यावरची, स्वच्छ आणि उजेडाची. पण तिच्या छताला कडी नव्हती. हा प्रश्न कोणत्याही यादीत नव्हता. सुदैवाने जागा पाहावयास गेलेल्या आईच्या तो वेळीच लक्षात आला आणि सामान पोचण्यापूर्वीच वडिलांनी मिस्त्रीकडून स्लॅबला छिद्र पाडून लोखंडी हुक बसवून घेतला. कपाटापेक्षा, पलंगापेक्षा आणि दूरचित्रवाणी संचापेक्षा त्या दोनशे रुपयांच्या हुकाचे मोल त्या पहिल्या दुपारी अधिक ठरले, यात मला यत्किंचितही संशय नाही.

तयारीच्या दिवसांत या घरात एक प्रकार रोज घडत असे. आई रात्री खोके भरून त्यावर चिकटपट्टी लावी आणि सकाळी धाकटी ती पट्टी ओढून काढून आतील वाट्या, डबे, झारे एकेक करून बाहेर मांडून ठेवी. आईचा संताप अगदी स्वाभाविक होता. पण मुलीची बाजूही जाणून घ्यावयास हवी. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिले की अगदी लहान मुलाच्या लेखी दृष्टीआड झालेली वस्तू जणू नाहीशीच होते. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास ते झाकलेली वस्तू शोधू लागते, आणि दुसरे वर्ष सरेपर्यंत दिसत नसलेली वस्तूही कोठेतरी असते हे ज्ञान त्याच्या ठायी पक्के होते. अडीच वर्षांच्या मुलीला वाट्या खोक्यात आहेत हे पुरते कळत असते. त्या तेथे का आहेत, हेच तेवढे कळत नाही. तेव्हा ती त्या बाहेर काढून आपल्या मते घर पुन्हा जागच्या जागी लावीत असते. यावर त्या आईने शोधलेला तोडगा साधा होता. तिने मुलीला एक रिकामे खोके आणि तिची स्वतःची पितळेची भातुकली देऊन टाकली. दिवसातून अनेकदा ती भातुकली खोक्यात जाई आणि बाहेर येई, आणि खोक्यात गेलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर निघते हे त्या मुलीला, कोणी व्याख्यान न देता, पटत गेले.

वाकळीच्या बाबतीत मात्र त्याच आईच्या हातून अनवधानाने अनर्थ होता होता राहिला. बिऱ्हाड हलण्यापूर्वी अंथरुणे-पांघरुणे धुऊन, वाळवून, सोलापुरी चादरीत गाठोडी बांधावयाची, ही आपल्याकडील सर्वमान्य पद्धत; त्या ओघात धाकटीची वाकळही भिजत पडणार होती. आजीने ती परत काढविली. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये वाचलेल्या एका सुप्रसिद्ध निबंधात, मूल ज्या जीर्ण पांघरुणाला किंवा बाहुलीला सोडीत नाही त्या वस्तूचा विचार केला आहे. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधल्या अवकाशात ती वस्तू मुलाला आधार देते, आणि म्हणून ती धुऊन तिचा वास आणि स्पर्श बदलणे म्हणजे मुलाच्या अनुभवातील सातत्य तोडणे होय, हे सुज्ञ आईला आपोआप समजते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आजीने विनिकॉट वाचलेला नव्हता. ‘तिचा वास जाऊ देऊ नकोस गं, नव्या घरात तेवढंच जुनं असेल तिला,’ एवढेच ती म्हणाली.

थोरल्याची गोष्ट वेगळी होती, कारण पाच वर्षांच्या मुलाला प्रश्न पडतात आणि ते तो विचारतोही. शेजारची अज्जी येणार का, गल्लीतले कुत्रे येणार का, माळवद येणार का? उन्हाळ्यात ही मंडळी रात्री माळवदावर अंथरुणे टाकून निजत असल्यामुळे शेवटचा प्रश्न त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा होता. अशा वेळी ‘तिकडे याहून छान आहे’ हे उत्तर मोठी माणसे फार लवकर देतात आणि मूल ते मुळीच मानीत नाही. माळवद येणार नाही, अज्जी येणार नाही, पण आई, पप्पा, आजी, ताट, दप्तर आणि सायकल येणार, असा येणाऱ्या-न येणाऱ्यांचा स्पष्ट निवाडा त्याला अधिक मानवतो. ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्दही त्या वयात निरर्थकच. काल, उद्या आणि परवा यांचीच जेथे सरमिसळ होते तेथे महिन्याचा हिशेब कोण ठेवणार? घटना मात्र त्याला कळतात. चैत्र वद्य त्रयोदशीला स्वामींची पुण्यतिथी असते, त्या दिवशी गावात केवढी गर्दी लोटते हे त्याने पाहिलेले असते. ती गर्दी होऊन गेली की मग टेम्पो येईल, एवढे सांगितले की त्याच्या मनात काळाचा खुंटा रोवला जातो. धाकट्या मुलांना मात्र फार आधी सांगून उपयोग नसतो, कारण त्यांची प्रतीक्षा आणि भीती या दोन्ही गोष्टी त्याच क्षणापासून सुरू होतात.

आता थोडे सुरक्षिततेविषयी, कारण ही बाब केवळ मनाची नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण फिरस्त्या माणसाविषयी वापरतो. ती विंचविणीच्या प्रत्यक्ष वर्तनावरून आलेली आहे. विंचवीण अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते आणि ती पिले पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर राहतात. जुन्या दगडमातीच्या घरातून सामान काढताना हे बिऱ्हाड आपल्या बिऱ्हाडाला अनेकदा भेटते. पोत्यांच्या थप्पीखाली, सरपणात, बरेच दिवस न हललेल्या ट्रंकेमागे, परसातल्या विटांखाली आणि जुन्या बुटांत विंचू दिवसा दडून असतात व रात्री बाहेर पडतात. म्हणून अशा जागा उपसण्याचे काम भर उजेडात, मुलांना दुसऱ्या घरी धाडूनच करावे. तांबडा विंचू मुलांच्या दृष्टीने अधिक घातक, कारण विषाची मात्रा तीच आणि शरीर लहान. घाम सुटणे, वांत्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसू लागली तर मंत्रतंत्रात किंवा कांद्यालसणाच्या उपायात वेळ न दवडता मुलाला थेट दवाखान्यात न्यावे. कोकणात महाडला राहून या दंशाचा आयुष्यभर अभ्यास करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून, वेळीच उपचार मिळालेल्या रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तीही योग्यच मिळाली.

विंचवापेक्षा कमी बदनाम, परंतु तितकाच लक्षात ठेवण्याजोगा धोका म्हणजे डांबराच्या गोळ्या. वर्षानुवर्षे न उघडलेली ट्रंक रिकामी होते, आतील शालू-पैठण्या दुसऱ्या गाठोड्यात जातात, आणि पेपरमिंटासारख्या दिसणाऱ्या त्या पांढऱ्या गोळ्या जमिनीवर घरंगळतात. त्यांतील नॅफ्थॅलीन पोटात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असल्यामुळे त्यांना एखाददुसरी गोळीही भोवते. रिकाम्या झालेल्या धान्याच्या कोठ्या हाही असाच एक विषय आहे. लपंडावाला त्यांच्याइतकी उत्तम जागा नाही आणि बाहेरून झाकण बसले तर त्यांच्याइतकी वाईट जागाही नाही. त्या आडव्या पाडून ठेवाव्यात, झाकणे वेगळी बांधावीत.

कागदपत्रांचा भाग त्यामानाने सुलभ आहे. शाळा सोडल्याचा दाखला हा पूर्वी पालकांच्या चिंतेचा मोठा विषय असे; बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आल्यावर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबाबत त्याची धार बोथट झाली, कारण दाखला तत्काळ देणे हे मुख्याध्यापकांचे कर्तव्य ठरले आणि तो पोचण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत जपावयाचा खरा दस्तऐवज म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची वर्धक मात्रा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. यांपैकी काय झाले आणि काय राहिले हे नव्या गावातील परिचारिकेला त्या एका कार्डावरूनच समजते. ते खोक्यात भरू नये, आईच्या हातपिशवीत ठेवावे.

लिखित दस्तऐवजांत मुलाचे मन कधी उमटत नाही, याचे एक ठळक उदाहरण अक्कलकोटच्याच इतिहासात आहे. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत परतत असता पारद या गावी तेथील लोखंडे पाटलांनी त्यांना विरोध केला. झुंजीत पाटील पडले आणि त्यांच्या विधवा पत्नीने आपले लहान मूल महाराजांच्या पायांवर घातले, असे सांगतात. महाराजांनी त्या राणोजीला आपल्या पदरी घेतले, पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि साताऱ्यास पुत्राप्रमाणे वाढविले. पुढे अक्कलकोटचा मुलूख मिळाला तो यालाच; अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा हाच मूळ पुरुष. एका दिवसात गाव, घर, बाप, आडनाव आणि नाव, सर्व बदललेल्या त्या मुलाचा राज्यकारभार, त्याच्या स्वाऱ्या आणि त्याचा सरंजाम यांविषयी इतिहासकारांनी लिहिले आहे. तो साताऱ्याच्या वाड्यात पहिल्या रात्री कोणाच्या कुशीत निजला, हे लिहून ठेवण्याचे कोणत्याही कारकुनाला कारण नव्हते.

आपल्याच काळातले आणि अक्कलकोटपासून फार दूर नसलेले दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी सात हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतील बहुसंख्य याच जातीच्या जड माळवदांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पक्की झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले. परंतु जुन्या गावात जी घरे पाठीला पाठ लावून होती ती आता दूरदूरच्या ओळींत विखुरली, आणि गल्लीच्या तोंडाशी बसून ये-जा करणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची जागा नव्या नकाशात राहिली नाही, ही तक्रार तेथे पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. माळवदाचे गुणगान करताना त्या पहाटेचा विसर पडू देणे योग्य नाही. स्लॅबचे घर अधिक सुरक्षित असू शकते, आणि तरीही गल्लीची उणीव खरीच असते.

बार्शीस गेलेल्या त्या कुटुंबात पहिल्या पंधरवड्यात जे घडावयाचे तेच घडले. धाकटी, जिची अंथरूण ओले करण्याची सवय सुटली होती, ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली. थोरला, जो एकटा निजत असे, तो आजीचा पदर धरल्याशिवाय निजेना. स्थलांतरानंतर लहान मुले काही काळ आपल्या वयाच्या मागे सरकतात आणि रागावले नाही तर बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतात. मुलीला जुने घर आठवेल का, असे आईने मला विचारले होते. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी सामान्यतः तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, त्यापूर्वीचे जवळपास सर्व पुसले जाते. तेव्हा तो कवडसा आणि ती कोठी तिला पुढे आठवण्याचा संभव थोडा. थोरल्याच्या मनात मात्र माळवद राहील. त्याचे कानडी राहील किंवा नाही, हे सांगणे अधिक कठीण. अक्कलकोटच्या अनेक गल्ल्यांत मुले घरी मराठी, शेजारी कानडी आणि खेळताना दोन्ही बोलतात. तो अज्जीशी तासन्‌तास कानडीत गप्पा मारीत असे. या वयात भाषा जितक्या सहज येते तितक्याच सहज, बोलणारे कोणी न उरले तर, निघूनही जाते. दर रविवारी अज्जीला फोन लावावयाचा आणि मुलाने तिच्याशी कानडीतच बोलावयाचे, असे घरात ठरले आहे. आजवर ते पाळले गेले आहे. पुढे क्रिकेट सुरू झाल्यावर काय होते ते पाहावयाचे.

धाकटीचे नाव लगतच्या अंगणवाडीत घातले आहे. अंगणवाड्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. पण तिच्यामागील कल्पना त्याहून जुनी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या वस्तीतील अंगणात नेली. १९५७ मध्ये ते केंद्रही कोसबाडच्या टेकडीवर हलले. बार्शीच्या अंगणवाडीतील ताईंनी आईला सांगितले की पहिले चार दिवस तुम्हीही येऊन बसा, पाचव्या दिवशी दारापर्यंत या, आणि येताना वाकळ आणली तरी हरकत नाही.